लोकरी गिरणीचं जुनं सामान खारट, दमट हवेत कसं टिकवायचं?

वाडीचा_कारभारी

राजापूर तालुक्यात खाडीपासून दीडेक किलोमीटरवर आमची वाडी आहे. मुंबई-ठाण्याच्या लोकरी गिरण्यांत राबलेल्या चाकरमान्यांच्या घरांतून वाडीच्या मंडळाकडे बरंच सामान जमा झालंय. त्यात कापडाचे तुकडे चिकटवलेल्या नऊ नमुनावह्या आहेत, करड्या रंगाची तीन जाड ब्लँकेटं आहेत (एकाला बारीक भोकं पडलीत) आणि चाळीसेक लाकडी बॉबिनी आहेत. काही बॉबिनींवर ‘२/४८’ तर काहींवर ‘१८ स्कीन’ असं रंगवलेलं आहे. टोकाला पोलाद असलेले दोन धोटे (मागातले शटल), तारांचे दात असलेला सुमारे दोन इंच रुंद लांबलचक पट्टा, पितळी बिल्ले, हजेरीकार्डं आणि पगाराच्या चिठ्ठ्याही आहेत. शिवाय अर्धं पोतं मोकळी लोकर.

जागा म्हणजे मंडळाचं सभागृह. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, खाली सिमेंटचा कोबा. एक लोखंडी कपाट आहे. खर्चाला पंचवीस हजार. गणपतीत गावात माणूस असतो तेव्हा दहा दिवस प्रदर्शन मांडायचं ठरतंय. वस्तू ओळखायच्या कशा, स्वच्छ कशा करायच्या, ठेवायच्या कशा? आणि गिरणी कामगारांच्या वसाहतींवर एक फलक हवाय. काही जणांचं म्हणणं, इंग्लंडच्या सॉल्टेअरचे (गिरणीमालकाने कामगारांसाठी वसवलेल्या गावाचे) फोटो लावावेत.

उभा_आडवा

आधी काय करायचं नाही ते. ब्लँकेटं धुवायची नाहीत, वह्यांतले तुकडे सोडवायचे नाहीत, बॉबिनींना वॉर्निश मारायचं नाही. बिल्ले चिंचेने किंवा आमसुलाने घासायचे नाहीत. सणाला समई घासतात तसं कुणीतरी उत्साहाने करतंच. आम्लाने पितळ उजळतं, पण ठशाच्या कडा झिजून आकडा पुसट होतो, आणि खाचेत राहिलेलं आम्ल व मीठ पावसाळ्यात हिरवं होऊन वर येतं. सुका मऊ ब्रश फिरवा, बास. आकडा दिसत नसेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरी बिल्ल्याच्या पातळीला आडवी धरून फोटो काढा. उजेड कडेने आला की ठसा उठून दिसतो.

आता ओळख. लोकरीच्या धाग्याची दोन घराणी, वुलन आणि वर्स्टेड. वुलनमध्ये आखूड लोकर पिंजून तिचा पातळ पापुद्रा काढतात, त्याच्या अरुंद पट्ट्या करून वळतात आणि मग सूत काततात. तंतू सगळ्या दिशांना असतात, म्हणून धागा फुगीर आणि केसाळ. ब्लँकेट, ट्वीड त्यातून होतं. वर्स्टेडमध्ये लांब लोकर फणीने विंचरतात, आखूड तंतू (गिरणीच्या भाषेत नॉइल) बाजूला पडतात आणि उरलेले समांतर तंतू ओढून काततात. हा धागा गुळगुळीत, सुटाच्या कापडाचा. नमुन्याच्या कडेचा एक धागा उलटा पिळ देऊन सोडवून बघा. तंतू सरळ, एकाच दिशेने निघाले तर वर्स्टेड, गुंतवळ निघाली तर वुलन.

तुमच्या बॉबिनींवर ही दोन्ही घराणी लिहिलेली आहेत. ‘२/४८’ हा वर्स्टेडचा नंबर. वर्स्टेडची एक लड ५६० यार्डांची, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका नंबर. ४८ नंबरचे दोन धागे एकत्र पिळले की नंबर निम्मा, म्हणजे २४. २४ गुणिले ५६०, पौंडाला १३,४४० यार्ड. ‘१८ स्कीन’ ही यॉर्कशरच्या वुलनची मोजणी. तिथे लड २५६ यार्डांची, म्हणून पौंडाला ४,६०८ यार्ड. वजनाच्या हिशेबाने हा धागा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट जाड. सुती गिरणीची लड तिसरीच, ८४० यार्डांची. त्यामुळे आकडा जास्त तो धागा बारीक असं सुती गिरणीच्या सवयीने लिहायला जाल तर फसाल. फलकावर नंबरापुढे पद्धत लिहायचीच.

तारांचा पट्टा म्हणजे पिंजणयंत्राच्या रुळाभोवती गुंडाळायचं ‘कार्ड क्लोदिंग’. कापडाच्या थरांत किंवा कातड्यात बसवलेल्या तारा असतात आणि प्रत्येक दाताला मध्ये गुडघा असतो. तो गुंडाळून ठेवला असेल तर तसाच राहू द्या, कडक झालेला पाया उलगडताना तडकतो. हात लावताना जाड हातमोजे. धोट्याला खाली चाकं नसतील तर तो बहुधा यंत्रमागाचा. हातमागाच्या फटक्याच्या धोट्याला बरेचदा छोटी चाकं असतात. पोटात कांडी अडकवायची खीळ आणि बाजूला धागा बाहेर काढायचा चिनी मातीचा किंवा धातूचा डोळा आहे का, ते नोंदवा.

ब्लँकेट खरंच लोकरीचं आहे का, हे शिवणीच्या आतून सुटलेल्या सेंटीमीटरभर धाग्यावर कळतं. चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, राख काळी आणि चुरडणारी. वितळून टणक मणी झाला तर त्यात कृत्रिम धागा आहे. कागदासारखं भडकून करडी भुकटी उरली तर सुती.

चिरा_आणि_चुना

तुमच्या यादीत मला खटकलं ते अर्धं पोतं लोकर. तोंड उघडून हुंगा असं सांगणार नाही, वरवरच बघा. तंतूंत लेंड्यांचे कण, माती, चिकट चरबी दिसली तर ती कच्ची, न धुतलेली लोकर. अशा लोकरीत आणि बकरीच्या केसात अँथ्रॅक्सचे बीजाणू असू शकतात. हा तोच गुरांचा रोग, काळपुळी किंवा फाशी. बीजाणू कोरड्यात कित्येक दशकं जिवंत राहतात. १९व्या शतकात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत आयात अल्पाका (उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर) आणि मोहेर (अंगोरा बकरीचे केस) निवडणारे कामगार याने मरत, म्हणून त्याला लोकर निवडणाऱ्यांचा रोग असंच नाव पडलं. ब्रिटनने १९१९ साली त्यावर कायदा केला आणि १९२१मध्ये लिव्हरपूलला लोकर निर्जंतुक करण्याचं सरकारी केंद्र सुरू झालं.

तुमच्या पोत्यात तसं काही असण्याची शक्यता कमी. पण झटकणं, पिंजणं, पोरांना हाताळू देणं नको. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून पोतं आहे तसं जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करा. गोठ्याजवळ, शेणकईत, उकिरड्यावर टाकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

उलट लोकर स्वच्छ पण तेलकट निघाली, तर ती पिंजणीआधी तेल लावलेली गिरणीतली लोकर. तिचा धोका वेगळा. काही तेलं हवेशी संयोग होताना तापतात. दाबून भरलेल्या गाठोड्यातून उष्णता बाहेर पडत नाही, आणि आतूनच धूर निघतो. तेलकट लोकरीचा कचरा आपोआप पेटणं ही गिरण्यांतली जुनी डोकेदुखी. प्रदर्शनाला मूठभर काचेच्या बरणीत ठेवा, बाकीची सभागृहाबाहेर.

आजोळचा_पाऊस

ब्लँकेटांना कडुलिंबाचा पाला आणि डांबर गोळ्या घाला की. पिढ्यानपिढ्या तेच करतो.

मीठवारा

@आजोळचा_पाऊस, पाल्याने कसर (लोकर खाणारी कीड) थांबत नाही. उलट ओला राहिला तर डाग पडतो. डांबर गोळ्यांची वाफ बंद पेटीत दाट असेल तरच किडा मरतो. कपाट रोज उघडायचं असेल तर ती वाफ माणसांच्या नाकात जाते, आणि काही प्लास्टिकं तिने मऊ होऊन कापडाला चिकटतात. लोकांनी येऊन बघायच्या वस्तूंना नकोतच.

@कारभारी, भोकं पाडणारं पाखरू नसतं, त्याची अळी असते. पाखराला तोंडच नसल्यात जमा. अळी लोकरीतलं केराटिन हे प्रथिन पचवते आणि घाम, तेल, सांडलेलं खाणं लागलेल्या जागेपासून सुरुवात करते. म्हणून भोकं गळ्याशी, घडीत, शिवणीत. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या किंवा जाळीसारखे धागे दिसले तर कसर आत्ता चालू आहे. केसाळ, तपकिरी, सुकलेली सालं दिसली तर गालिच्याचा भुंगेरा.

उपाय थंडीचा. ब्लँकेट सैल घडी करून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीने बंद. मग त्यावर दुसरी पिशवी. उणे १८ ते उणे २० अंशांवर सलग १४ दिवस. उणे ३० मिळत असेल तर तीन दिवस पुरतात. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा चालत नाही, दार उघडझाप होते. आपल्या किनाऱ्यावर मात्र सोय दाराशी आहे. मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांची साठवण खोली साधारण याच तापमानाला असते. कोपऱ्यातली एक मांडणी मागून बघा. वासासाठीच दुसरी पिशवी, तीत कसूर नको. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. थंड लोकरीवर आपली हवा लागली की दव धरतं आणि किडा मेला तरी बुरशी येते. वीज जाऊन मधे तापमान चढलं तर दिवस पहिल्यापासून मोजा.

मग सफाई. व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर, नळीच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधून, कापडापासून बोटभर वर धरून. शिवणीत दोनदा.

ठेवण्याबद्दल लोक पहिली चूक करतात ती वेळेची. लोकर ओली न लागता पाणी धरते. ६५ टक्के आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास, भर पावसात २० टक्क्यांच्या वर. दोन किलोच्या ब्लँकेटमध्ये श्रावणात तीनशे ग्रॅमच्या वर पाणी असतं. ते तेव्हाच हवाबंद पेटीत कोंबलं तर पाणीही आत कोंबलं, आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कितीही टाका, ब्लँकेटच ते पिऊन टाकतं. पेट्या भरायच्या त्या जानेवारी-फेब्रुवारीत, दुपारी, आर्द्रतामापक ५५च्या खाली असताना.

मापक साधा डिजिटल चालेल, पण आधी तपासा. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत चेनच्या पिशवीत बारा तास बंद ठेवा. ७५ दाखवायला हवं. ८० दाखवलं तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा. काही मापक चांगलेच चुकतात.

पेटी रबरी कडेच्या झाकणाची, बुडाच्या त्रिकोणात ५ आकडा (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) असलेली. त्रिकोणात ३ म्हणजे पीव्हीसी, ते जुनं होताना आम्ल सोडतं. कापड गुंडाळायलाही पीव्हीसी पाईप नको. सिलिका जेलचं संग्रहालयी माप घनमीटरला २० किलो, म्हणजे ६० लिटरच्या पेटीला १ किलो २०० ग्रॅम. चिमूटभर पुड्या चपलांच्या खोक्याला ठीक. रंग बदलणारं घेतलंत तर नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं. ओलं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तीन-चार तास.

गुंडाळायला मांजरपाट, दोनदा धुऊन खळ पूर्ण काढलेला. खळ राहिली तर झुरळं आणि चंदेरी कसर येते. घडीत मांजरपाटाची वळी घाला म्हणजे चुरगळीची रेघ पडत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. चिरा पावसाळाभर पाणी ओढतो, त्याला टेकलेल्या कपाटाची पाठ आतून घामेजते.

एक बारीकसारीक, पण महत्त्वाची. बिल्ले ब्लँकेटवर मांडू नका. फोटोत छान दिसतात, मान्य. पण लोकरीत गंधक आहे, त्याच्या वाफेने पितळ आणि चांदी काळी पडते. बिल्ल्यांखाली सुती कापड.

वाडीचा_कारभारी

एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. दोन शंका. सभागृहालाच डिह्युमिडिफायर बसवला तर पेट्यांचा खटाटोप वाचेल का? आणि लोखंडाचं काय? धोट्यांची टोकं आणि पट्ट्याच्या तारा तांबूस व्हायला लागल्यात. तेल लावू का?

मीठवारा

कौलांतून हवा खेळते म्हणून तर ते घर आपल्याकडे राहण्याजोगं असतं. तिथे डिह्युमिडिफायर म्हणजे गळक्या होडीतून पाणी उपसणं. खोली कोरडी करायच्या भानगडीत पडू नका, पेटी कोरडी करा.

लोखंडाला खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट होतं आणि धूळ धरतं. पट्ट्याला तर कुठलंच तेल नको, पाया तेल शोषून कुजतो. खाडीची हवा म्हणजे मीठ, आणि मिठाचा कण हवेतलं पाणी स्वतःभोवती ओढून घेतो. म्हणून लोखंडी वस्तूंची पेटी लोकरीपासून वेगळी, आत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, जेल भरपूर. लोकर आणि लाकडाला इतकं कोरडं नको, ५० ते ५५ बरं. धोट्यात दोन्ही आहे, लाकूडही आणि पोलादही. तो लाकडी वस्तूंच्या, ५० ते ५५च्या पेटीत ठेवा. टोकांवरचा सैल गंज बांबूच्या काडीने काढून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, सुकल्यावर फडक्याने पुसा.

बॉबिनीखाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर लाकडात किडा आहे. तीही थंडीच्याच पिशवीत जाईल. रंगवलेले आकडे आधी टिपून घ्या, गोठवण्यात जुना रंग कधीकधी पापुद्र्याने सुटतो.

उभा_आडवा

वस्तूंना क्रमांक घालताना स्टिकर लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन आत मुरतो. कापडाला सुती नाडीच्या तुकड्यावर पेन्सिलने क्रमांक लिहून दोन सैल टाके. लाकूड-धातूला पॅरालॉईड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचं ॲसिटोनमधलं दहा-पंधरा टक्क्यांचं द्रावण नखाएवढं लावायचं, सुकलं की त्यावर शाईने लिहायचं. नको झालं तर ॲसिटोनने निघतं. हजेरीकार्डं आणि पगाराच्या चिठ्ठ्या मांडताना प्रॉव्हिडंट फंडाचे क्रमांक आणि सह्या झाका, वारस हयात असतात.

पाळी_दुसरी

फलकाबद्दल. सॉल्टेअर लावा, पण ते आपलं चित्र म्हणून नको.

सॉल्टेअर ब्रॅडफर्डजवळ, एअर नदीच्या काठी. टायटस सॉल्टची गिरणी तिथे १८५३मध्ये सुरू झाली, अल्पाकाच्या कापडाची, १,२०० माग. शेजारी कालवा आणि रेल्वे. मालकाने कामगारांसाठी आठशेच्या वर घरं बांधली, शाळा, चर्च, दवाखाना, न्हाणीघरं काढली. दारूचा गुत्ता मात्र गावात येऊ दिला नाही. मुकादमांची घरं मोठी, कामगारांची लहान, रस्त्यावरून चालताना हुद्दा कळतो. गिरणी १९८६मध्ये बंद झाली आणि २००१ साली सगळं गाव जागतिक वारशात गेलं.

त्याच्या जवळ जाणारं भारतात शोधायचं तर उत्तरेकडे जावं लागतं. कानपूरची लाल इमली (१८७६) आणि पंजाबात धारीवालची गिरणी (१८८०). कानपूरला गिरणीने मजुरांसाठी वस्त्याही बांधल्या.

मुंबईत तसं फारसं झालं नाही. कामगार खाजगी चाळीत नाहीतर सरकारी चाळीत राहिला. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. तिच्यातही एकेका खोलीत एका गावचे गडी, पाळीप्रमाणे झोपणारे, दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागी रातपाळीचा. ठाण्याची लोकर गिरणी १९२५ची, वाडियांनी काढलेली. १९४४मध्ये ती सिंघानियांकडे गेली आणि रेमंड म्हणून देशभर पोचली. पोखरण रोडवरच्या त्या जमिनीवर आता टॉवर आहेत.

म्हणजे आपल्याकडे गिरणीचं ‘कामगारांचं गाव’ गिरणीच्या फाटकाबाहेर नव्हतंच. म्हातारी, पोरं, शेत, आजारपण, संपातले महिने हे सगळं सांभाळलं तुमच्यासारख्या वाड्यांनी. सॉल्टला जे घरबांधणी, दवाखाना, म्हातारपणाची घरं यावर खर्चावं लागलं, ते मुंबईच्या गिरणीला कोकणाने फुकटात पुरवलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप इतका लांबू शकला, त्यामागे गावाकडचा तांदूळही होता.

म्हणून फलकावर दोन नकाशे काढा, एकाच मापाचे. एक सॉल्टेअरचा, दुसरा तुमच्या वाडीचा. दुसऱ्यावर घराघराला खातं लिहा: कोण साच्यावर, कोण मागावर, कोण रंगखात्यात, कोण बॉयलरवर. हयात माणसांना विचारताना “तुम्ही काय करायचात” असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येतं. बॉबिन हातात द्या आणि विचारा, ही भरली की कुठे जायची, तुटलेला धागा कसा जोडायचे, एका माणसाकडे किती माग, जॉबर (मजूर भरणारा मुकादम) कुणाच्या गावचा. शब्द जसे उच्चारतील तसेच लिहा, सुधारू नका.

आणि सॉल्टेअरच्या फोटोऐवजी जमिनीवर खडूने १० बाय १६ फुटांचा चौकोन आखा. बघायला आलेल्यांना सांगा, आत या, सगळे.

मीठवारा

@कारभारी, शेवटचं, तारखेबद्दल. गणपती म्हणजे भाद्रपद, हवा ९०च्या आसपास, सभागृहात दोनशे माणसांचा घाम आणि उदबत्तीचा धूर. ज्या हवेत पेटी क्षणभरही उघडायला नको, त्या हवेत ती दहा दिवस उघडी ठेवणार? गणपतीत नकाशे, मोठे केलेले फोटो आणि काचेच्या बरणीतली मूठभर लोकर मांडा. खऱ्या वस्तू शिमग्याला काढा. चाकरमानी तेव्हाही येतात, आणि हवा बरीच कोरडी असते. वह्यांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत उजेड ठेवा, खिडकीला गडद पडदा लावा, पान रोज एक उलटा. ट्यूबलाईट काढून एलईडी.

आत्ता मात्र एवढंच: ते भोकं पडलेलं ब्लँकेट बाकी दोघांपासून आजच वेगळ्या पिशवीत घाला.

वाडीचा_कारभारी

घातलं. झटकलं नाही. घडीत पांढऱ्या नळ्या आहेत, म्हणजे कसर चालू आहे. उद्या मासळीच्या कारखान्यात विचारतो. पोत्यातल्या लोकरीत लेंड्या दिसत नाहीत, हाताला तेलकट वाटते. ते पोतं पडवीतही ठेवू नये ना?

चिरा_आणि_चुना

पडवीत नको, तिथे चूल आणि लाकडं. पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात, दाबून न भरता, घरापासून लांब. आणि हात धुवा.